माधवकाकांनी रंगवलेले चार डोळे

माधवकाकांविषयी लिहायचं तर सुरुवात आमच्या घरापासून करावी लागेल, कारण त्यांना माझ्यातलं जे आवडायचं आणि जे खुपायचं, ते दोन्ही तिथलंच होतं. कराडच्या बाहेर एक लाकडाची वखार होती. माझे वडील तिथे हमाल होते. ओंडके उतरवायचे, कापलेल्या फळ्या रचायच्या, ट्रक भरायचा. वखारीच्या मागच्या भिंतीला लागून मालकानं पत्र्याची एक खोली काढून दिली होती, त्यात आम्ही सगळे. आई लोकांकडे धुणीभांडी करायची. एकदा ओंडका घसरून वडिलांच्या पाठीवर आला आणि ते वर्षभर अंथरुणाला खिळले. त्या वर्षी माझ्या मोठ्या भावाची शाळा सुटली ती सुटलीच. माझी सुटली नाही, कारण मी धाकटी होते आणि मला ओझं उचलता येत नव्हतं. एवढंच कारण, हुशारीचा काही संबंध नाही. पुढे मी बी.एस्सी. झाले, कोल्हापूरला एम.एस्सी. झाले, आमच्या सगळ्या गणगोतात कॉलेजात गेलेली पहिली. "पोरगी रसायन शिकतीया," असं वडील वखारीत येईल त्याला सांगायचे. आता मी सांगते, कुणी विचारलं नाही तरी. काका चिडवायचे, "सुनंदा, तुझी ओळख करून द्यायला दुसरं माणूस लागतच नाही!"

काका गेले त्याला आता दीड महिना होत आला. सकाळची वेळ होती. मी म्युझियमच्या स्टुडिओत होते, जुनी चित्रं दुरुस्त करणं हे माझं काम. समोर टेबलावर स्पेनमधलं एक जुनं चित्र आडवं ठेवलेलं होतं. फोन नलिनीकाकूंचा, म्हणजे काकांच्या बायकोचा. "सुनंदा, माधव गेला गं. पहाटे. झोपेतच..." मी "निघाले" म्हणाले आणि हातमोजे काढले. आणि तेव्हा, रडू यायच्या आधी, माझ्या मनात एक वाक्य आलं... 'आता चौथा डोळा काढता येईल.' गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं. मी लिहिणार आहेच, लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण हे वाक्य लपवून लिहिलं तर बाकीचंही खोटं पडेल. कसला डोळा, ते सांगते.

माधवकाका मूळ पुण्याचे, केमिकल इंजिनिअर. त्यांच्या पिढीतली माणसं इथे अमेरिकेत आली आणि सरळ वाटेनं वर गेली. काका रंग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले आणि तिथून भलतीकडेच वळले, म्युझियममधल्या चित्रांच्या दुरुस्तीकडे. "माझ्या बरोबरचे सगळे व्हाइस प्रेसिडेंट झाले, मी अजून कापसाच्या बोळ्यानं देव पुसतोय," असं पार्ट्यांमधून सांगायचे आणि सांगताना भलतेच खूश दिसायचे. मी हेच काम शिकायला अमेरिकेत आले आणि माझी इंटर्नशिप त्यांच्या हाताखाली लागली. राहायची सोय होईपर्यंत त्यांच्या वेस्ट विंडसर गावातल्या घरी, बेसमेंटमध्ये राहिले. पहिल्या रात्री जेवणं झाली आणि काका-काकू टीव्हीसमोर बसले तेवढ्यात मी सगळी भांडी घासून, ओटा पुसून मोकळी झाले. काकू आत आल्या आणि किंचाळल्याच, "अगं, डिशवॉशर आहे!" काका मागून डोकावले. "ही सवय आहे की पाहुणी म्हणून केलंस?" मी म्हटलं, "सवय आहे." ते म्हणाले, "मग उद्यापासून मोड. इथे तुला हातांची किंमत शिकायचीय, हात झिजवायचे नाहीयेत." मला राग आला होता. माझ्या आईचे हात त्यातच झिजले होते. मी दुसऱ्या दिवशीही घासली भांडी. ते शेजारी उभे राहून पुसत राहिले.

काकांचं खरं प्रेम होतं ते स्पेनमधल्या जुन्या धार्मिक चित्रांवर. ही चित्रं कापडावर नसतात, लाकडाच्या फळ्यांवर असतात. पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी तिकडच्या चर्चमध्ये वेदीच्या मागे अशा चित्रांची अख्खी भिंत उभी करत, पार छतापर्यंत. पाइनच्या फळ्या जोडायच्या, सांध्यांवर कापड चिकटवायचं, त्यावर पांढऱ्या लेपाचे थर, मग सोन्याचा वर्ख आणि मग रंग. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी त्या भिंतीकडे बघून देवाची गोष्ट समजून घ्यायची. पुढे कितीतरी ठिकाणी या भिंती उतरवल्या गेल्या, एकेक फळी सुटी करून विकली गेली आणि त्यांतल्या बऱ्याच अमेरिकेत पोचल्या. "हे सगळे आपल्यासारखेच," काका म्हणायचे, "गाव सुटलेले, आणि इथल्या हिटिंगनं तडकलेले." आमच्या म्युझियममधल्या फळीवर खांबाला बांधलेला येशू आहे आणि त्याच्या दोन बाजूंना चाबूक उगारलेली दोन माणसं. आम्ही त्यांना चाबूकवाले म्हणायचो.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सर्रास चालते, ऐकून वाचकांना किळस येईल. चित्रावरचा हलका मळ काढायला थुंकीसारखं दुसरं काही नाही. कापसाचा बोळा जिभेवर ओला करायचा आणि अलगद फिरवायचा. जगभर करतात. काकांनी आयुष्यात कधी केलं नाही. मी पहिल्यांदा बोळा तोंडाकडे नेला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "सुनंदा! देवाला उष्टं?"

"काका, तो येशू आहे. त्यांच्यात उष्टं नसतं."

"त्याच्यात नसेल. माझ्यात आहे."

मी म्हटलं, आमची आई पदराला थुंकी लावून आमची तोंडं पुसायची, शाळेत जायच्या आधी. त्यांनी मनगट सोडलं. "मग तू कर," म्हणाले, "मी दुसरीकडे बघतो." आणि खरंच खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. असा माणूस. पूजा करायचे नाहीत, देवळात काकू ओढून नेतील तेव्हाच जायचे, पण टेबलावर देव आला की त्यांच्यातला पुण्याचा मुलगा जागा व्हायचा. तेव्हा मला गंमत वाटली होती. त्या गमतीचंच पुढे काय झालं, ते मला उशिरा कळलं.

चाबूकवाल्यांचे चार डोळे ही काकांची सगळ्यांत गाजलेली कामगिरी. माझ्या येण्याच्या कितीतरी आधीची. ती फळी म्युझियममध्ये आली तेव्हा त्या दोघांचे डोळे जागेवर नव्हतेच, खरवडून उघडा पडलेला पांढरा लेप तेवढा उरला होता. काकांनी ते खड्डे भरले आणि डोळे नव्यानं रंगवले. असे की भिंगातूनही जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते कळू नये. चाबूक उगारलेला आहे, पण नजर थोडी खाली, थोडी बाजूला. म्युझियमनं त्याचं पोस्टर काढलं. 'मारणाऱ्यांच्या डोळ्यांत पश्चात्ताप दिसतो,' असं बघणारे म्हणायचे. वेस्ट विंडसरच्या मराठी घरांमधून ते पोस्टर फ्रेम करून लावलेलं मी पाहिलंय, गणपतीच्या शेजारी. काका कुणाला काही सांगायचे नाहीत. मलाही सुरुवातीला फक्त एवढंच म्हणाले, "यातलं माझं काय ते शोधून दाखव." मला सापडलं नाही. त्या दिवशीइतके खूश मी त्यांना पुन्हा पाहिले नाहीत.

काका निवृत्त झाले आणि त्यांच्या टेबलावर मी आले. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शहरातल्या म्युझियमनं त्यांच्याकडच्या एका फळीचे फोटो आम्हाला पाठवले. त्याच भिंतीतली फळी, त्याच चित्रकाराचा हात. त्यात येशूला खिळे ठोकणारा एक माणूस आहे. त्याचे डोळे खरवडलेले आहेत. फक्त त्याचेच. शेजारी रडणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या अंगावर एक ओरखडा नाही. मी आमच्या फळीचा एक्स-रे काढला. काकांनी भरलेल्या खड्ड्यांच्या कडा त्यात स्वच्छ दिसत होत्या. अपघातानं पडलेला ओरखडा कुठूनही येतो आणि कुठेही जातो. इथे प्रत्येक रेघ डोळ्यात सुरू होत होती आणि डोळ्यातच संपत होती. ते नुकसान नव्हतं. गावातल्या माणसांनी, पिढ्यानपिढ्या, प्रार्थनेला आल्यावर हातातल्या किल्लीनं, सुरीनं, खिळ्यानं मुद्दाम केलेलं होतं. आपल्या देवाला मारणाऱ्याचे डोळे त्यांना बघवत नव्हते.

मला हे एक्स-रे बघताक्षणी कळलं, त्यात माझ्या शिक्षणाचा वाटा थोडाच. माझ्या मावशीला नवऱ्यानं टाकलं होतं. तिच्या लग्नाचा एकच फोटो होता, आणि त्यातल्या नवऱ्याचं तोंड तिनं पिनेनं खरवडून पांढरं केलं होतं. फोटो मात्र फाडला नव्हता, भिंतीवर तसाच होता, कारण त्यात ती स्वतः नव्या लुगड्यात होती. लहानपणी मला ते कधी विचित्र वाटलं नाही. काकांना मात्र असा फोटो असलेल्या घरात जायची वेळच आली नसणार.

मीटिंग झाली. म्युझियमचा संग्रह सांभाळणाऱ्या क्युरेटरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "तू काय करशील?" मी म्हटलं, नवे डोळे काढून टाकावेत, खरवडलेलं आहे तसं दाखवावं. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला निर्णयाचा पस्तावा झाला. त्याचा नाही झाला.

त्या रविवारी वेस्ट विंडसरला गेले. काका तेव्हा नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसायला लागले होते. काकू थालीपीठं लावत होत्या. "या, सुनंदाबाई! म्युझियम चालू आहे ना, की माझ्यामागं बंद पाडलंत?" मला घोळवून बोलता येत नाही. सरळ सांगितलं आणि फोनवर एक्स-रे दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिले.

"इकडे धाडताना पेटीतला खिळा लागला असेल."

"पेटीतल्या खिळ्याला बरोबर चारच डोळे सापडले होय काका?"

"चुरूचुरू बोलू नकोस."

"काय झालं?" काकूंनी तव्यापासून विचारलं.

"काही नाही. ही माझे डोळे काढायला आलीय."

काकूंना कळायला वेळ लागला. कळल्यावर उलथनं हातात घेऊनच बाहेर आल्या. "पोस्टरवरचे? अगं, लोकांनी घरात लावलेत ते! आणि दुसरं कुणी नाही का तुमच्याकडे? हिलाच करायला हवं?"

"दुसरं कुणी नको," काका म्हणाले. "दुसऱ्यानं केलं तर जुन्या रंगाला लागेल." मग माझ्याकडे वळून, स्टुडिओत बोलायचे त्या आवाजात, "माझ्या रंगाखाली व्हार्निशचा वेगळा थर दिलाय. जुना रंग आणि माझा रंग यांची कुठे गाठच पडत नाही. सौम्य द्रावणानं निघेल. बोळा लोळवायचा, घासायचा नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, कुणीतरी काढणार?"

"कुणीतरी म्हणजे शंभर वर्षांनी गं! तू म्हणजे थालीपीठ खाऊन लगेच निघालीस."

आम्ही तिघंही हसलो. मग मी विचारायला नको होतं ते विचारलं... तुमच्यासारख्या माणसाला ते ओरखडे वेगळे कसे वाटले नाहीत? त्यांनी नळी नीट केली. "बघवलं नाही मला. आपल्याकडे मूर्तीचा टवका उडाला तर आपण ती पूजेत ठेवत नाही, नदीत सोडतो. याला कुठल्या नदीत सोडू? म्हणून भरून टाकलं."

"पण डोळे देवाचे नव्हते काका. मारणाऱ्यांचे होते."

"चित्र तर देवाचं होतं ना."

मला आमचा देव आठवला. आमच्या खोलीतल्या तसबिरीची काच फुटलेली होती, देवाचा एक हात पाण्यानं विरघळला होता, आणि आई रोज त्यालाच हात जोडायची. दुसरी आणणार कुठून? काका ज्या घरात वाढले तिथे तुटलेला देव बदलता येत होता. हा काही त्यांचा दोष नव्हे. पण त्यांची नजर तिथे घडली होती आणि माझी वखारीमागं.

निघताना मी दारात बूट घालत होते. काका नळी ओढत दारापर्यंत आले. खाली माझ्याकडे बघत, अगदी सहज म्हणाले, "चार आहेत. एक राहू दे माझा."

मी मान वर न करता म्हणाले, "बघते, काका."

आपल्याकडे 'बघते' कशासाठी म्हणतात ते सगळ्यांना माहीत असतं. मी नाहीच म्हणत होते. एका डोळ्यात काकांचा पश्चात्ताप आणि तीन डोळ्यांच्या जागी गावाचा संताप, असं चित्र भिंतीवर लावता येत नाही. त्यांनीच मला शिकवलं होतं की चित्रात आपलं नाव मागे ठेवायचं नाही. पण ते नाकात नळी घालून दारात उभे होते आणि मला 'नाही' हा शब्द उच्चारता आला नाही. एवढी फटकळ मी, आणि नेमकी तिथे सभ्य झाले.

काम सुरू झालं. त्यांनी सांगितलं तसंच सगळं घडत गेलं. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, "कितवा?" मी सांगायचे, पहिला झाला. दुसरा झाला. खाली काय निघालं ते विचारायचे, मी सांगायचे, आणि ते "हं..." म्हणायचे. तिसऱ्यानंतर मी थांबले. थांबायला कारणं भरपूर होती. कडेच्या सोन्याचे पापुद्रे सुटले होते, ते बसवले. मागच्या बाजूनं फळीच्या चिरा बघितल्या. जे काम आठवड्याचं होतं त्याला महिना लावला. क्युरेटरबाईंनी विचारलं तर म्हणायचे, लाकूड आहे, घाई नको. काकांचा आवाज फोनवर दर वेळी आणखी बारीक व्हायचा. "कितवा?" "अजून तिसऱ्यावरच आहे, काका." "बरं, बरं." त्यांच्या आवाजात समाधान असायचं. त्यांना वाटत होतं, मी चौथा ठेवतेय. आणि मी... मी वाट बघत होते. हे मी स्वतःशी कधी या शब्दांत म्हटलं नव्हतं. ते असताना तो डोळा काढायला लागू नये, आणि ठेवायलाही लागू नये, यातून जो एकच मार्ग निघत होता, त्याची मी वाट बघत होते. त्या सकाळी फोन आला तेव्हा मनात आलेलं वाक्य आकाशातून पडलं नव्हतं. आधीपासून तयार होतं.

अंत्यविधीला पुष्कळ लोक होते. मुली-जावयांची इंग्रजी भाषणं झाली, त्यांच्या जुन्या मित्रांनी मराठीत किस्से सांगितले, लोक हसले, रडले. मला बोलायला सांगितलं, मी बोलले नाही. निघताना काकूंनी माझा हात हातात घेतला. "सगळ्यांना सांगत होता गं. डॉक्टरांनासुद्धा. म्हणे, सुनंदा माझा एक ठेवणार आहे." मी काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवलं. लोकांना वाटलं, मी फार हळवी आहे.

परत आल्यावर क्युरेटरबाई स्वतःहून म्हणाल्या, "तो एक ठेवायचा असेल तर ठेव. शेजारच्या पाटीवर आपण त्यांचं नाव घालून तसं लिहू. कुणी हरकत घेणार नाही." फार भल्या बाई आहेत. त्या दिवशी मी 'हो' म्हणून मोकळी झाले असते, आणि काकांच्या इच्छेखातर ठेवला असं सगळ्यांना सांगता आलं असतं. पण ते जिवंत असताना मी जो शब्द देऊ शकले नाही, तो ते गेल्यावर पाळून दाखवायचा, म्हणजे काकांसाठी काही करणं नव्हे, स्वतःचा अपराध भरून काढणं होतं. खड्डा भरून वरून रंग देण्याचंच काम ते. आणि काकांनी तर त्यांचा रंग निघावा म्हणून खाली व्हार्निश देऊन ठेवलं होतं.

चौथा डोळा मी काढला. त्यांनी सांगितलेलं द्रावण, बोळा लोळवत. तपकिरी, मग थोडा निळसर रंग कापसावर उतरत गेला. त्याखाली त्यांचा तो व्हार्निशचा थर लागला, इतका सारखा की हात थांबलाच माझा. तोही निघाला, आणि मग त्यांनी खड्ड्यांत भरलेला लेपही. खाली कुणाच्या तरी सुरीच्या आडव्या-उभ्या रेघा होत्या, खोल. बोळे झाकणाच्या डब्यात टाकले, झाकण लावलं, खिडकी उघडली. मग बराच वेळ रडले, त्या दिवशी मात्र फक्त त्यांच्यासाठी.

चित्र गॅलरीत लागलं तेव्हा नलिनीकाकूंना मी स्वतः गाडीनं घेऊन आले. त्या चित्रासमोर पर्स पोटाशी धरून उभ्या राहिल्या. एका चाबूकवाल्याकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. मोजलं असणार. चारही जागा पांढऱ्या होत्या.

"ठेवला नाहीस."

"नाही, काकू."

"माधवचे छान दिसायचे."

"हो. फार छान दिसायचे."

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. बाकावर जाऊन बसल्या, मीही शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "जुन्याला कुठे लागलं तर नाही ना? त्याला तीच काळजी होती शेवटी."

नाही लागलं. चारही डोळ्यांवरचा नवा रंग निघाला आणि त्याच्या कडेच्या जुन्या रंगाचा एक कणही गेला नाही.